पाण्याची बाटली भरलेलीच परत येते

या वेळचं पत्र एका आईचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलून ते थोडक्यात देते.

नवऱ्याच्या नोकरीमुळे हे कुटुंब दीड वर्षापूर्वी लातूर जिल्ह्यातून पुण्यात आलं, धायरीत राहतं. मुलगा दहा वर्षांचा, पाचवीत, सेमी-इंग्रजी शाळेत. शाळेत व्हॅनने जातो. पहिलं वर्ष बरं गेलं. यंदा दिवाळीच्या सुट्टीनंतर दर सोमवारी सकाळी त्याचं पोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, मग सोनोग्राफी झाली, काहीच निघालं नाही. कंपास दोनदा हरवला. डबा अर्धा परत येतो, पाण्याची बाटली तर भरलेलीच. शाळेतून आला की बूटही न काढता बाथरूमकडे धावतो. पूर्वी अखंड बडबड करायचा, आता काहीही विचारलं की "काही नाही". आई 'पानी' म्हणाली की "आई, पाणी म्हण ना!" असं खेकसतो. ओपन हाऊसला बाबांनीच यावं, आईने येऊ नये, असा हट्ट धरून बसतो.

एकदा आई सोसायटीच्या गेटपाशी जरा आधीच जाऊन उभी राहिली, तेव्हा व्हॅनमधून आवाज आला, "ए पानी, उतर! पानी आलं, बादल्या भरा!" सगळी व्हॅन हसत होती, व्हॅनकाकासुद्धा. मुलगाही हसत होता. घरी विचारलं तर म्हणाला, "गंमत करतात गं." खोदून विचारल्यावर कळलं की डब्याच्या सुट्टीत तो कुणाला तरी "मी जेवायलो" म्हणाला, तिथून हे सुरू झालं. खेळाच्या सरांनीही एकदा मैदानावर 'पानी' अशीच हाक मारली.

नवरा म्हणतो, "दोन ठेवून दे म्हणावं, परत नाव घेणार नाहीत. आणि बोलणं सुधार, म्हणजे प्रश्नच मिटला." रोज रात्री ताटावर तो मुलाचे उच्चार सुधारून घेतो. सासूबाई फोनवर सांगतात, पोरं चिडवतातच. आई विचारते: "उगं मोठं करायलेय का मी? त्याला कराटेला घालू, शाळा बदलू, का शाळेत जाऊन भांडू? मी गेले तर माझ्या बोलण्यावरून त्याला आणखी चिडवतील, ही भीती वाटते."

•

तुमच्या पत्रातली दोन वाक्यं तुम्ही जाता जाता लिहिली आहेत. बाटली भरलेलीच येते आणि बूट न काढता तो बाथरूमकडे धावतो. पोटदुखीबद्दल तुम्ही अर्धं पान लिहिलंय, डॉक्टरांबद्दल अर्धं, पण मी या दोन वाक्यांवर थांबले.

सहा-सात तासांची शाळा, वर व्हॅनचा एक तास. तेवढ्या वेळात दहा वर्षांचं मूल घोटभर पाणी पीत नाही आणि लघवीलाही जात नाही. का? एक कारण तुम्हीच दिलंय. ज्याचं नाव 'पानी' ठेवलंय त्याने वर्गात बाटली काढली की काय होत असेल, ते त्या व्हॅनमधल्या आवाजावरून ताडता येतं. दुसरं कारण असं की शाळेचं स्वच्छतागृह ही शिक्षक नसलेली जागा असते. तिथे दार बाहेरून ओढून धरता येतं, पाणी उडवून चड्डी भिजवता येते आणि मग "मुतला, मुतला" म्हणत वर्गापर्यंत वरात काढता येते. तुमच्या मुलाबाबत हेच झालंय असं मी म्हणत नाही. पण मी बावीस वर्षं शाळेत शिकवलंय, आणि भरलेली बाटली घरी नेणारी मुलं मी पाहिली आहेत. पाणी प्यायलं नाही की जावं लागत नाही, हे गणित ती स्वतःच बसवतात.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, तुम्ही उगं मोठं करत नाही आहात. हे आधीच मोठं आहे, फक्त त्याने ते तुमच्यापासून लपवून लहान ठेवलंय.

आपल्याकडे एक अडचण शब्दाचीही आहे. 'चिडवणं' म्हटलं तर फार किरकोळ वाटतं आणि 'छळ' म्हटलं तर सासुरवासच आठवतो. मधल्या जागेसाठी आपण 'बुलिंग' उसना घेतलाय, आणि तो उसना असल्यामुळे सासूबाईंना तो शहरी नखरा वाटतो. शब्द कुठलाही वापरा, ओळखायची खूण बघा. या विषयाचा अभ्यास 1970 च्या दशकात स्कँडिनेव्हियात डॅन ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञाने सुरू केला. त्यांनी सांगितलेल्या तीन गोष्टी आजही जगभर धरल्या जातात: त्रास मुद्दाम दिला जातो, पुन्हा पुन्हा दिला जातो, आणि देणारा व सोसणारा यांचं बळ सारखं नसतं. बळ म्हणजे दंडातलंच असं नाही. संख्या हे बळ असतं. आधीपासून त्या शाळेत असणं, 'इथला' असणं हे बळ असतं. भरल्या व्हॅनसमोर एकटं पोर, तेही नव्याने आलेलं. मी घरगुती कसोटी लावते ती सोपी आहे. ज्याची गंमत होते आहे तो "बास" म्हणाला तर ती थांबते का? आणि उद्या त्याने त्यांना नाव ठेवलं तर चालेल का? दोन्हींचं उत्तर नाही असेल, तर ती गंमत नव्हे.

"पण तोही हसत होता ना," असं तुम्हाला वाटलं असणार. हो, हसणारच. त्या व्हॅनमध्ये बसण्याचं ते भाडं आहे. रडला तर जास्त पडेल आणि गप्प बसला तर "राग आला पानीला" होईल, हे त्याला पक्कं कळून चुकलंय.

आता जरा अवघड मुद्दा, आणि तो तुमच्या यजमानांनीही वाचावा असं मला वाटतं. "बोलणं सुधार, म्हणजे प्रश्नच मिटला." हे वाक्य काळजीपोटी आलंय हे मला कळतं. ते स्वतः त्याच गावाहून आले, इथल्या ऑफिसात त्यांनाही कुणीतरी कधी हसलं असेल, त्यांनी मुकाट्याने जीभ वळवून घेतली असेल आणि त्यांचं निभावलं असेल. पण या सल्ल्याच्या पोटात एक गृहीतक बसलंय: त्रास 'न' मुळे होतोय, 'ण' आला की थांबेल. तसं होत नाही हो. चष्मा असला तर चष्म्यावरून, जाड असला तर ढेरीवरून, आईवडील वेगळे राहत असले तर त्यावरून चिडवतात. कारण हे नंतर शोधलेलं असतं. आधी ठरतं ते एवढंच, की याला बोललं तर मागे कुणी उभं राहणार नाही. उद्या तो अगदी सदाशिव पेठी 'पाणी' म्हणायला लागला, तर "बघा, पानी शुद्ध झालं" म्हणून दुप्पट हसतील.

आणि त्याच्या जागी बसून रोजचा दिवस बघा. सकाळी व्हॅनमध्ये 'पानी'. सुट्टीत 'पानी'. संध्याकाळी परत व्हॅनमध्ये 'पानी'. रात्री ताटावर बसला की बाबा म्हणतात, "पानी नाही, पाणी. परत म्हण." प्रेमाने म्हणतात, मान्य. पण दहा वर्षांच्या पोराच्या कानाला त्यातून एवढंच ऐकू येतं, की व्हॅनमधली पोरं बरोबर आहेत, माझ्यातच खोट आहे. मग तो तुमचा 'पानी' दुरुस्त करतो आणि ओपन हाऊसला येऊ नको म्हणतो. तुम्हाला त्याची लाज वाटली असेल, डोळ्यांत पाणीही आलं असेल. पण तो तुम्हाला कमी लेखत नाहीये. आपल्याला जे झालं ते आईला होऊ नये, म्हणून तो तुम्हाला गेटच्या आत येऊ देत नाहीये.

ताटावरची शिकवणी आजपासून बंद करा. परीक्षेत 'पाणी' लिहायचं हे त्याला आलंच पाहिजे, तो भाग मराठीच्या वहीत आणि बाईंकडे. शाळेत एक बोलणं आणि घरात एक बोलणं मुलं सहज वापरतात, आपण ओशाळवाणं केलं नाही तर.

(थोडं विषयांतर करते. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण केवढा आनंद केला! त्या भाषेचे आद्यकवी म्हणून ज्यांचं नाव घेतो त्या मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईला आहे, म्हणजे तुमच्याच बाजूला. नामदेवांची नरसी आणि एकनाथांचं पैठण मराठवाड्यात. खानदेशच्या बहिणाबाई चौधरींच्या कवितेत 'माणूस' नाही, 'मानूस' आहे, आणि ती कविता आपण शाळेत पाठ केली. तरी पुण्यात 'ण' चुकला की आपल्या भुवया वर जातात. हे मी पुणेकर म्हणून सांगतेय, माझ्याही गेल्या आहेत. मात्र हे सगळं मुलाला भाषणासारखं ऐकवू नका. व्हॅनच्या मागच्या सीटवर मुकुंदराज उपयोगी पडत नाहीत.)

"दोन ठेवून दे" बद्दल. समोरचा एकटा असता, याच्याच उंचीचा असता आणि बघायला कुणी नसतं, तर कदाचित एखाद वेळी चाललंही असतं. इथे तसं नाही. त्याने एक ठेवली तर चार खाईल, किंवा नेमकी त्याने ठेवली तीच बाईंना दिसेल आणि वहीत शेरा त्याच्याच नावाने येईल. त्याहून मोठा तोटा असा, की त्याला ठेवता आली नाही तर "मला मारतासुद्धा येत नाही" ही दुसरी लाज पहिलीवर चढते, आणि मग तो बाबांनाही काही सांगेनासा होतो. कराटेला घालायचं तर जरूर घाला, त्याला आवडलं तर. नवीन मित्र मिळतील, अंगात रग येईल. पण "ते थांबावं म्हणून तू हे शीक" असं म्हणून घालू नका. हे थांबवणं मोठ्यांचं काम आहे.

आता त्याला बोलतं करण्याबद्दल, कारण तुमच्या हातात अजून अर्धीच गोष्ट आहे. समोर बसवून, डोळ्यांत बघून "खरं सांग, काय झालं?" असं विचारलं की मुलं गोगलगायीसारखी आत जातात. हात कामात आणि नजर दुसरीकडे असली की बोलतात. मटार सोलताना, स्कूटीवर मागे बसवून भाजी आणायला जाताना, रात्री दिवा घालवल्यावर. 'का' ने सुरू होणारा प्रश्न टाळा, 'कुठे' आणि 'कोण' चालतात. "व्हॅनमध्ये तू कुठल्या सीटवर बसतोस? ती कोण ठरवतं?" "डब्याला कुणाशेजारी बसतोस?" "वर्गापासून सगळ्यात लांबचं स्वच्छतागृह कुठलं?" एका आईने मुलाकडून शाळेचा नकाशाच काढून घेतला होता. मुलाने मैदान काढलं, वर्ग काढले, पायऱ्या काढल्या आणि जिन्याखालचा एक कोपरा पेन्सिलने काळा केला. पुढे विचारावंच लागलं नाही.

तो सांगायला लागला की तुमची खरी परीक्षा. मुलं सांगत नाहीत याचं कारण नेहमी त्रास देणाऱ्यांची भीती एवढंच नसतं. सांगितल्यावर घरात काय होईल, याचीही भीती असते. आई रडेल, बाबा शाळेत जाऊन आरडाओरडा करतील, दोघांत माझ्यावरून भांडण होईल. म्हणून पहिल्यांदा तो बोलेल तेव्हा मटार सोलतच राहा. "कोणी केलं? नाव सांग!" असं ओरडू नका, "तू का नाही बोललास?" असं तर मुळीच विचारू नका. एवढंच म्हणा, "सांगितलंस ते बरं केलंस बाळा. यात तुझं काही चुकलेलं नाही. आता काय करायचं ते आपण मिळून ठरवू." आणि "शाळेत सांगणार नाहीस ना?" असं त्याने विचारलं तर खोटं वचन देऊ नका. "तुला न विचारता काही करणार नाही, पण गप्पही बसणार नाही," हे खरं आहे आणि त्याला पेलणारंही आहे.

त्याच रात्री वही काढा आणि लिहायला लागा. तारीख, जागा, काय झालं, कोण होतं, मूल कोणते शब्द म्हणालं. तुमचं मत नको, घडलेलं. 'ते सतत त्रास देतात' या वाक्याचं शाळेत काही होत नाही. 'मंगळवारी डब्याच्या सुट्टीत कंपास खिडकीबाहेर टाकला, तिघे होते' याचं होतं. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक शब्दही टाकू नका. त्या मुलांच्या आयांना परस्पर फोन करू नका. दहापैकी नऊ वेळा समोरची आई आधी आपल्या मुलाची बाजू घेते (आपणही घेतली असती) आणि दुसऱ्या दिवशी व्हॅनमध्ये नवीन वाक्य येतं, "मम्मीला सांगतो काय रे?"

शाळेत जायचं, पण भांडायला नाही. आधी वर्गशिक्षिकेची वेळ मागून घ्या. मुलं सोडायला गेल्यावर गेटपाशी उभ्याउभ्या ही गोष्ट बोलू नका. सोबत अर्ज न्या, दोन प्रती, एकीवर पोच घ्या. चार ओळी पुरतात: "दिवाळीनंतर माझ्या मुलाला व्हॅनमध्ये व वर्गात त्याच्या बोलीवरून रोज नावं ठेवली जातात. तो शाळेत पाणी पिणे व स्वच्छतागृहात जाणे टाळत आहे. तपशील सोबत जोडला आहे. आपण काय कराल ते कृपया कळवावे." पाणी आणि स्वच्छतागृह हे शब्द अर्जात असू द्या. 'चिडवतात' वाचून मुख्याध्यापक मान डोलावतात, 'सात तास लघवीला जात नाही' वाचून खुर्चीत सरळ बसतात.

मागायचं काय तेही ठरवून जा. "त्या मुलांना शिक्षा करा" एवढंच मागितलंत तर एक दिवस उभं करतील आणि संपलं. त्यापेक्षा मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहाजवळ कोण उभं राहणार, त्याची वर्गातली जागा बदलणार का, त्या मुलांच्या पालकांशी शाळा बोलणार का, हे विचारा. आणि उठण्याआधी पंधरा दिवसांनंतरच्या भेटीची तारीख घ्या. ही तारीख सगळ्यात महत्त्वाची. शाळा वाईट असतात म्हणून विसरत नाहीत, साठ मुलांच्या वर्गात विसरलं जातं.

एक गोष्ट मात्र होऊ देऊ नका, आणि ही मी माझ्या चुकीवरून सांगते. सातवीतल्या एका मुलीला वर्गातल्या चौघी ती अडखळत बोलते म्हणून चिडवायच्या. मला कळल्यावर मी पाचही जणींना स्टाफरूममध्ये बोलावलं, चौघींना सॉरी म्हणायला लावलं, हातात हात द्यायला लावले आणि विषय संपला असं समजून वह्या तपासायला बसले. दुसऱ्या दिवसापासून त्या मुलीचं नाव 'शेकहँड' पडलं. मला ते वर्ष संपल्यावर कळलं, तेही तिच्या आईकडून. दोन सारख्या मुलांचं भांडण समोरासमोर बसवून मिटतं. एकाच्या मानेवर दुसऱ्याचा पाय असताना दोघांना "आता मित्र व्हा" म्हणणं हा त्याच्यावर आणखी एक अन्याय असतो. कुणी असं सुचवलं तर "आधी त्याला सुरक्षित वाटू द्या, मग बघू" म्हणा.

खेळाच्या सरांचा मुद्दा वेगळा मांडा. ते सहज म्हणाले असतील, पण सरांनी नाव घेतलं की बाकीच्यांना परवाना मिळतो. शिक्षण हक्क कायदा 2009 चं कलम 17 शाळेत मुलांना मारण्याबरोबरच त्यांचा मानसिक छळ करण्यावरही बंदी घालतं. हे कलम पहिल्याच भेटीत टेबलावर आपटायची गरज नाही. तुम्हाला माहीत आहे एवढं पुरे. वर्गशिक्षिकेकडे हललं नाही तर मुख्याध्यापक, तिथेही नाही तर शिक्षण विभाग. राज्यातल्या शाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी 'सखी सावित्री समिती' असावी असा 2022 चा शासन निर्णय आहे, आणि ऑगस्ट 2024 मध्ये सरकारने तिच्यावर आणि तक्रार पेटीवर पुन्हा बोट ठेवलं. तुमच्या शाळेतल्या समितीत कोण आहे ते विचारा. पुष्कळदा विचारल्यावरच ती जागी होते. सीबीएसईच्या शाळांतल्या पालकांसाठी: तुमच्या मंडळाने 2015 मध्येच बुलिंगविरोधी समिती नेमायला सांगितलंय.

व्हॅनचं काय? शाळा म्हणेल, "व्हॅन खाजगी आहे, ते आमच्याकडे नाही." राज्याच्या 2011 च्या स्कूल बस नियमावलीप्रमाणे मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी लागते, त्यामुळे हा विषय शाळेत काढायला तुम्हाला पूर्ण जागा आहे. पण त्याआधी व्हॅनकाकांशी एकटे बोला. पुण्यातले व्हॅनकाका ही मोठी असामी आहे. कुणाचा पेपर कसा गेला, कुणाचा डबा विसरला, कुणाचे आईबाबा भांडले, सगळं त्यांना ठाऊक असतं. ते हसले ते दुष्टपणाने नाही, त्यांनाही ती गंमतच वाटली. "काका, तो शाळेत पाणी पीत नाही हो," एवढंच सांगा. मुलाला मधल्या सीटवर, आरशात दिसेल असं बसवायची विनंती करा आणि त्याचं खरं नाव घेऊन हाक मारायला सांगा. मोठ्या माणसाने रोज दोनदा खरं नाव घेतलं की खोटं नाव विरत जातं. सगळ्यांसमोर पोरांना झापू नका, हेही त्यांना सांगा. काही दिवसांत फरक पडला नाही तर व्हॅन बदला. शाळा बदलण्यापेक्षा ते कितीतरी सोपं आहे.

शाळा बदलण्याला माझा विरोध नाही. पळून जाणं वगैरे म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका, जळत्या घरातून बाहेर पडणाऱ्याला कुणी पळपुटा म्हणत नाही. पण आत्ता, काहीच करून बघायच्या आधी बदललीत तर तो 'माझ्यातच खोट आहे' हे ओझं नव्या वर्गात घेऊन जाईल. दोन-अडीच महिने द्या. लेखी सांगूनही शाळा हललीच नाही, तर खुशाल दाखला काढा.

एक काम मात्र आजच्या आज करता येईल, ते म्हणजे एक मित्र शोधणं. फिनलंडमधल्या शाळांत 2009 पासून 'किवा' नावाचा बुलिंगविरोधी कार्यक्रम चालतो. त्याचा मोठा भर बघ्यांवर आहे. ज्याला प्रेक्षक हसत नाहीत त्याचा विनोद चालत नाही, एवढं साधं आहे ते. त्या व्हॅनमध्ये दहाबारा मुलं असतील, पुढाकार दोघा-तिघांचा असेल. उरलेल्यांत एखादा मनातून कसनुसा होत असणार. तुमच्या मुलाला तो कोण ते माहीत असतं. रविवारी त्या एकाला घरी बोलवा, तुमच्याकडची शेंगदाण्याची चटणी आणि गरम भाकरी द्या, दोघांना क्रिकेट खेळू द्या आणि या विषयावर अक्षर बोलू नका. सोमवारी व्हॅनमध्ये शेजारी बसायला एक जण झाला तरी निम्मं अंतर कापलं जातं.

आणि पुढचं मी लिहिते ते तुम्हाला घाबरवायला नाही, हे वाचणाऱ्या इतर आईबाबांसाठीही आहे. मूल "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही बोललं, स्वतःला इजा करू लागलं, झोप पार उडाली, शाळेचं नाव काढताच थरथरू लागलं, तर वहीत नोंदी करत बसू नका. बालरोगतज्ज्ञांना किंवा बालमानसोपचारतज्ज्ञांना लगेच दाखवा. सरकारच्या 'टेली मानस' या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मुलांसाठीची हेल्पलाइन 1098 चोवीस तास चालू असते. स्वच्छतागृहात कपडे ओढणं, नको तिथे हात लावणं, फोटो काढणं असं काही पुढे आलं तर ती चिडवाचिडवी उरत नाही. तिथे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा 2012 चा पॉक्सो कायदा लागू होऊ शकतो आणि ते शाळेच्या पातळीवर मिटवायचं नसतं. पोटदुखीचंही एक: तपासणीत काही निघालं नाही म्हणजे तो नाटक करतो असं नाही. ताणाने पोट खरंच दुखतं. आणि एवढं कमी पाणी पिऊन लघवी दाबून धरली तर जळजळ, संसर्ग, बद्धकोष्ठ हे सगळं होऊ शकतं. डॉक्टरांना हे सांगितलंत का? मला वाटतं नसेल सांगितलं. पुढच्या वेळी आधी तेच सांगा.

व्हॅनमधल्या बाकीच्या मुलांचे आईबाप हे वाचत असतील, असं मी धरून चालते. "आमचा तसा नाही" असं म्हणायच्या आधी एक आठवून बघा. घरी कामाला येणाऱ्या मावशींच्या बोलण्याची नक्कल कोण करतं? टीव्हीवर गावाकडचा माणूस 'लई' म्हणाला की सोफ्यावरून हसण्याचा आवाज कुणाचा येतो? मुलं 'पानी'ला हसायला व्हॅनमध्ये शिकत नाहीत. तुमच्या मुलाबद्दल शाळेतून निरोप आला तर त्याला बदडू नका आणि वकिलीही करू नका. "तू असं बोललास तेव्हा त्याचा चेहरा कसा झाला होता?" असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. बराच वेळ लागतो.

आता तुमच्या शेवटच्या भीतीकडे येते, ताई. "मी गेले तर माझ्या बोलण्यावरून चिडवतील." अर्ज घेऊन दोघंही जा, पण बोला तुम्ही. घरात बोलता तसंच बोला. बाईंना मुद्दा कळल्याशी कारण. पहिल्या खेपेला मूल बरोबर नसेल, हरकत नाही. ओपन हाऊसचं मात्र त्याच्याशी आधी बोलून घ्या. "तू नको म्हणतोस ते मला का ते कळलंय. मी येणार आहे, आणि मला भीती वाटत नाही," असं सांगा. खरं तर थोडी वाटेल, तरी सांगा. वर्गात गेल्यावर तहान लागली तर त्याच्याकडून बाटली मागून घ्या आणि तुमच्या शब्दात मागा. तो इकडेतिकडे बघेल, कोण ऐकतंय का म्हणून. बघू द्या. तुम्ही निवांत प्या, झाकण लावा आणि बाटली त्याच्या हातात द्या.

त्यानंतर रोज संध्याकाळी दप्तरातून बाटली काढाल तेव्हा ती किती भरली आहे ते नुसतं बघत जा, त्याला काही न बोलता वहीत लिहित जा. महिन्याभराने मला कळवा.